चार इयत्तांचे ऋण : शेठ जमनालालजी बजाज

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांत अलीकडे एक स्तुत्य प्रथा रूढ होत चालली आहे. ज्या हायस्कुलात आपण शिकलो, त्या हायस्कुलास काही ना काही परत द्यावे, अशी इच्छा आता चांगल्या स्थितीस पोहोचलेल्या माणसांच्या मनात उत्पन्न होते. कोणी वडिलांच्या नावे पारितोषिक ठेवतो, कोणी वर्गखोली बांधून देतो, कोणी वाचनालयास कपाट व पुस्तके देतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील जुन्या शाळांच्या भिंतींवर अशा देणग्यांच्या संगमरवरी पाट्या पाहावयास मिळतात, आणि त्यांत आपल्या घराण्यांची नावे वाचून कोणासही संतोष वाटेल. या प्रसंगी आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, तो मात्र कोणत्याही हायस्कुलाचा माजी विद्यार्थी नव्हता. हायस्कुलाच्या पायरीपर्यंत तो कधी पोहोचलाच नाही. चार इयत्ता मराठी शिकून त्याने शाळा सोडली, आणि पुढे ज्या गावाने त्याला त्या चार इयत्ता शिकविल्या त्या गावाला एक हायस्कूल उभे करून दिले.

शेठ जमनालालजी बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडील कनीरामजी, आई बिरदीबाई. घराणे अग्रवाल, स्थिती साधारण. त्याच नात्यातले शेठ बच्छराजजी त्या काळी वर्ध्यास येऊन कापसाच्या व सावकारीच्या व्यवसायात नावारूपास आले होते. वर्धा शहरच तेव्हा नवे होते. पालकवाडी नावाच्या गावाच्या जागेवर १८६६ मध्ये ते आखून वसविण्यात आले. रेल्वे आली, कापसाचा बाजार भरू लागला आणि मारवाडातून आलेल्या कित्येक कुटुंबांनी येथे पेढ्या थाटल्या. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजे त्याच सुमारास या जिल्ह्यात आले असतील.

बच्छराजजींचा मुलगा रामधनदास अकाली वारला होता. घरात मूल नव्हते. बच्छराजजी व त्यांच्या पत्नी सदीबाई गावाकडे गेल्या असता कनीरामजींच्या अंगणात खेळणारा मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला व तो त्यांनी दत्तक मागितला. आईबापांच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मुलगा तर दिला; परंतु त्याच्या बदल्यात धन घेण्याचे त्यांनी नाकारले. गावात पाण्याचे हाल होते, म्हणून बच्छराजजींनी गावासाठी विहीर बांधून दिली, एवढाच काय तो मोबदला. १८९४ च्या सुमारास, वयाच्या पाचव्या वर्षी, जमनालाल वर्ध्यास आले. घेतले कोणी आणि लाभले कोणाला, हा हिशेब त्यांच्या आयुष्याच्या आरंभीच असा काही निराळा मांडला गेला होता.

१८९६ ते १९०० अशी सुमारे चार वर्षे ते वर्ध्याच्या मराठी शाळेत गेले. शिकले ते मराठीतून, आपल्या गावातल्या सर्व जातींच्या मुलांबरोबर. त्या काळच्या व्यापारी घरांतून मुलाने हिशेब लिहावा, पत्र वाचावे आणि गादीवर बसावे एवढीच शिक्षणाची मर्यादा मानीत असत. ती पुरी होताच शाळा सुटली. या अपुरेपणाची जाणीव त्यांना जन्मभर राहिली असली पाहिजे, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून आम्हांस वाटते. ज्याला शिक्षण भरपूर मिळाले तो त्याचे मोल विसरू शकतो. ज्याच्या हातून ते अर्ध्यावर निसटले तो विसरत नाही.

त्यांच्या दानशूरतेचा पहिला प्रसंग फार लहान आहे, आणि म्हणूनच आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो. आजोबांकडून त्यांना रोज एक रुपया हातखर्चास मिळत असे. लोकमान्यांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती नागपुरातून काढण्याचे ठरले तेव्हा सोळासतरा वर्षांच्या या मुलाने साठविलेल्या पैशांतून शंभर रुपये त्या कार्यास दिले. पुढे त्यांच्या हातून लाखांनी दाने झाली. परंतु त्या शंभर रुपयांइतका आनंद नंतरच्या कोणत्याही देणगीने झाला नाही, असे ते सांगत. आपल्या मुलांना पारितोषिके देणाऱ्या पालकांनी हा प्रसंग मुलांनाही अवश्य सांगावा.

१९०७ साली घरात एक विपरीत प्रसंग घडला. एका लग्नसमारंभास जाताना अंगावर जडजवाहीर घालण्यास जमनालालजींनी नकार दिला. आजोबा संतापले, आणि संतापाच्या भरात दत्तकपणाचे व दौलतीचे बोल त्यांच्या तोंडून गेले. सतरा वर्षांच्या तरुणाने शांतपणे एक पत्र लिहिले. त्यात इस्टेटीवर आपला कोणताही हक्क नाही असे लिहून देऊन, आजोबांविषयी मनात राग न ठेवता, अंगावरच्या वस्त्रांनिशी ते घराबाहेर पडले. वडीलधाऱ्यांनी समजूत घालून त्यांना परत आणले. आजोबांचाही राग निवळला. त्याच वर्षी बच्छराजजी निवर्तले आणि सगळी दौलत पुन्हा त्यांच्याकडेच आली. पण एकदा मनाने सोडलेले धन हे आपले नव्हे, लोकांची ठेव आहे, ही भावना त्यांच्या मनात कायमची रुजली. महात्माजींच्या विश्वस्तपणाच्या विचाराची गाठ पडण्यापूर्वी कित्येक वर्षे आधीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता शाळेकडे येऊ. वर्ध्याच्या आसपासच्या खेड्यांत विखुरलेल्या मारवाडी कुटुंबांतील मुलांना इंग्रजी शिक्षणासाठी शहरात राहण्याची सोय नव्हती. घरचे अन्न, घरचे आचार सोडून मूल कोठे ठेवावे, या चिंतेने पालक मुलांना गादीवर बसवीत. जमनालालजींनी प्रथम विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय केली आणि पाठोपाठ मारवाडी विद्यालय निघाले. विशी नुकतीच ओलांडलेला, स्वतः चौथीपर्यंत शिकलेला हा तरुण होता! संस्थेचा कारभार नीट चालावा म्हणून १९१४ मध्ये मारवाडी शिक्षा मंडळ स्थापन झाले. या कामी त्यांना श्रीकृष्णदासजी जाजू यांच्यासारखा व्रतस्थ सहकारी लाभला. जाजूजी वकील, माहेश्वरी समाजातील अग्रणी, पैशाच्या बाबतीत काटेकोर आणि स्वतःसाठी काहीही न मागणारे. आमच्या मते दात्याइतकाच असा हिशेब राखणारा माणूसही संस्थेला हवा असतो. पाट्यांवर मात्र त्याचे नाव सहसा येत नाही.

ज्ञातीच्या नावाने शाळा काढणे हे त्या काळी संकुचितपणाचे लक्षण होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सरकार थोडे देत होते, नगरपालिकांची ऐपत बेताची होती, आणि ज्या समाजात शिक्षणाची गोडी नव्हती त्या समाजाला त्याच्याच नावाने हाक मारल्यावाचून तो जागा होणार नव्हता. महाराष्ट्रात व वऱ्हाडात त्या काळी अनेक समाजांनी आपापली वसतिगृहे काढली ती याच कारणाने. प्रश्न हाक कोणत्या नावाने मारली हा नव्हता; मुले आत आल्यावर दार कोणासाठी उघडे राहिले, हा होता.

१९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. तेथेच त्यांनी महात्माजींना, आपणांस पाचवा पुत्र मानावे, अशी विनंती केली. मुलगा म्हणून एकदा दुसऱ्यांच्या हाती सोपविला गेलेला हा माणूस आता आपण होऊन दत्तक गेला. रायबहादूर ही पदवी त्यांनी सरकारला परत केली. वकिली सोडणाऱ्या देशभक्तांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबाजी वर्ध्यास आले व आश्रम सुरू झाला. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींना तुरुंगवास घडला. दंडासाठी जप्त केलेल्या त्यांच्या मोटारीला नागपुरात कोणी बोली बोलेना, ही कथा जुनी माणसे मोठ्या चवीने सांगत. पुढे मगनवाडी, महिलाश्रम, सेवाग्राम ही नावे देशभर झाली, त्या प्रत्येकामागे त्यांची जमीन, त्यांचा पैसा किंवा त्यांचे कष्ट होते. ही हकीकत सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

मात्र दोन गोष्टी आमच्या विषयाशी निगडित आहेत. पहिली लक्ष्मीनारायण मंदिराची. हे मंदिर बच्छराजजींनी बांधलेले, घराण्याचे, एका अर्थी ज्ञातीच्या अभिमानाचे स्थान. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते हरिजनांसाठी खुले केले. आपल्याच समाजातील अनेकांना ते रुचले नाही. आप्तांचा रोष, ज्ञातीत कुजबुज, हे सारे त्यांनी सोसले. आपण आज त्यांची तसबीर सभागृहात लावतो, हार घालतो, ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी आपले आजोबा-पणजोबा कोणत्या बाजूस उभे होते, असे कोणी विचारले तर प्रत्येक घराला अभिमानाने उत्तर देता येईलच असे नाही.

दुसरी गोष्ट शाळेच्या नावाची. मारवाडी विद्यालयाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९३७ च्या सुमारास, त्याचे ‘मारवाडी’ हे नाव जाऊन ‘नवभारत विद्यालय’ असे नाव झाले. एखाद्या समाजाने पैसा घालून, पदरमोड करून, पाव शतक सांभाळलेल्या संस्थेवरून स्वतःचेच नाव उतरवावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. ज्यांनी देणग्यांच्या सभांना हजेरी लावली आहे, त्यांना हे चांगले ठाऊक आहे. नावासाठी किती भांडणे होतात, पाटीवर कोणाचे नाव वर व कोणाचे खाली यावरून किती घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात! येथे तर सगळ्या समाजाचेच नाव दारावरून उतरले.

आणि त्या नव्या नावाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवास काय निमित्त साधले पाहा. मिरवणूक, मेजवानी आणि भाषणे यांवर महोत्सव उरकण्याऐवजी देशातील शिक्षणतज्ज्ञांना वर्ध्यास बोलवावे असे चालकांनी ठरविले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. महात्माजी अध्यक्ष होते. डॉ. झाकिर हुसेन, विनोबाजी, काकासाहेब कालेलकर, प्राध्यापक के. टी. शहा यांच्यासारखी मंडळी व निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री जमले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधाराने, असे ठराव झाले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या अहवालातून जी ‘वर्धा योजना’ निघाली तिचे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आजही आहे. चरख्याने व टकळीने शिक्षकाचा पगार निघेल ही अपेक्षा पुढे फारशी फळाला आली नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. तथापि मातृभाषेचा व सार्वत्रिक शिक्षणाचा आग्रह कालबाह्य झालेला नाही. वर्ध्याच्या मराठी शाळेत चौथी शिकलेल्या मुलाने काढलेल्या शाळेच्या महोत्सवातून हा आग्रह साऱ्या देशापुढे गेला.

जमनालालजींनी आपल्या मुलांना मात्र विनोबाजींच्या हाती सोपविले होते. कमलनयनजी आश्रमात वाढले, मदालसाबेन तेथेच शिकल्या. हायस्कूल काढणाऱ्याने स्वतःच्या मुलांना हायस्कुलाबाहेर ठेवावे यात काहींना विसंगती दिसेल. आम्हांलाही ती काही अंशी दिसते. परंतु दुसऱ्याच्या मुलाला जे हवे ते द्यावयाचे आणि आपल्या मुलावर आपल्याला पटलेला प्रयोग करावयाचा, यात अप्रामाणिकपणा नव्हता. उलट बहुतेक ठिकाणी प्रयोग दुसऱ्यांच्या मुलांवर होतात!

हे सारे या स्मरणिकेत आज सांगण्याचे कारण असे. जुन्या शाळेला पारितोषिक देताना ते ‘आपल्या ज्ञातीतील’ पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास द्यावे, अशी अट घालण्याकडे अजून पुष्कळ दात्यांचा कल असतो. त्यांचा हेतू वाईट नसतो. आपल्या मुलांना उत्तेजन मिळावे इतकेच. तो हेतू साधण्यास आपले मंडळ, आपले वसतिगृह, आपला शिष्यवृत्ती निधी आहे; तेथे कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण शाळेचे ऋण निराळे. ज्या बाकावर आपण बसलो त्या बाकावर शेजारी कुणब्याचा मुलगा होता, तेल्याचा होता, कोष्ट्याचा होता, महाराचा होता. ज्या गुरुजींनी गणित शिकविले ते आपल्या ज्ञातीचे क्वचितच होते. त्या बाकाला परत देताना शेजारच्याला वगळून कसे द्यावयाचे? देणगीपत्र लिहिण्यापूर्वी सभासदांनी या प्रश्नाचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

अखेरच्या दिवसांत जमनालालजींनी गोसेवेला वाहून घेतले होते. व्यापार, राजकारण यांतून मन काढून ते वर्ध्याजवळ गोपुरीस साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने अकस्मात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे बावन्न. पत्नी जानकीदेवींनी स्वतःची संपत्ती गोसेवेला अर्पण केली आणि पुढे भूदानाच्या व कूपदानाच्या कार्यात त्या गावोगाव हिंडल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचे लग्न लहानपणीच, १९०२ मध्ये, वर्ध्यास झाले होते, आणि शाळेचे शिक्षण असे त्यांना मिळालेच नव्हते. अक्षरओळख झाली ती घरीच.

शिक्षा मंडळाच्या नावातूनही ‘मारवाडी’ हा शब्द पुढे गळाला. १९४० मध्ये वर्ध्यास सुरू झालेले वाणिज्य महाविद्यालय मुंबईचे शेठ गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाने ओळखले जाते; मंडळाने २०१७ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षणही सुरू केले. विज्ञान महाविद्यालयाला मात्र, ज्यांनी शाळेचा वर्ग कधी पाहिला नाही त्या जानकीदेवींचे नाव देण्यात आले होते. दरवर्षी जून-जुलैत तेथे प्रवेशासाठी येणाऱ्या मुलामुलींत हिंगणघाट, सेलू, देवळी, आर्वीकडची शेतकऱ्यांची मुले असतात, आणि आपल्या घरांतलीही असतात.