सावली आणि पाठलाग

जळगावहून अजिंठ्याच्या दिशेने निघाले की वाटेत पहूर लागते. पाचोरा-जामनेर या छोट्या रेल्वेने ज्या गावांना अनेक दशके बाहेरच्या जगाशी जोडून ठेवले, त्यांपैकी हे एक. साठच्या दशकात अशा गावांत चित्रपट उशिरा पोहोचत, गाणी मात्र कितीतरी आधी येत. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली की ज्या घरी रेडिओ असे त्या घराच्या ओट्यावर माणसे जमत. शहरातल्या प्रेक्षकाने 'वह कौन थी?' पडद्यावर पाहिला. तेथे धुके होते, पाऊस होता, स्मशानाकडे चाललेली पांढऱ्या साडीतील साधना होती. खानदेशातल्या श्रोत्याला यातले काहीच दिसत नव्हते. त्याच्यापर्यंत आला तो केवळ एक आवाज, त्यामागचा व्हायोलिनचा ताफा आणि लघुलहरींची खरखर. तरीही अंगावर काटा यायचा तो यायचाच.

या गाण्यांचे संगीतकार मदनमोहन यांना गझलसम्राट ठरवून रसिकांनी त्यांच्या एका मोठ्या गुणावर नकळत पडदा टाकला आहे. भय आणि गूढ सुरांतून उभे करण्याची त्यांची ताकद गझलेपेक्षा कमी नव्हती. मराठी रसिकांत तर त्यांच्यावरून एक जुना वाद आजही अधूनमधून पेटतो, आणि त्या वादाचे मूळ एका मराठी चित्रपटात आहे.

मदनमोहन कोहली यांचा जन्म २५ जून १९२४ रोजी बगदाद येथे झाला. वडील रायबहादूर चुनीलाल तेथे इराकी पोलीस दलात हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. कुटुंब पुढे पंजाबातील चकवाल या मूळ गावी परतले. चुनीलाल यांनी मुंबईत प्रथम बॉम्बे टॉकीजमध्ये आणि नंतर फिल्मिस्तानमध्ये नाव कमावले. चित्रपटांचे वातावरण घरातच होते, परंतु मुलाने या क्षेत्रात उतरावे हे वडिलांना मान्य नव्हते. १९४३ साली मदनमोहन सैन्यात अधिकारी म्हणून दाखल झाले. महायुद्ध संपले आणि त्यांनी गणवेश उतरवला. लष्करी टापटीप मात्र अंगात राहिली ती अखेरपर्यंत.

१९४६ मध्ये ते आकाशवाणीच्या लखनौ केंद्रावर नोकरीला लागले. संगीताचे पद्धतशीर शिक्षण त्यांना कधी मिळाले नव्हते. त्यांची शाळा म्हणजे हे केंद्र. उस्ताद फैयाज खाँ, अली अकबर खाँ, बेगम अख्तर, तलत महमूद अशा कलावंतांचा सहवास त्यांना तेथे लाभला. पुढे 'भाई भाई' या १९५६ च्या चित्रपटातील त्यांच्या एका गाण्याने बेगम अख्तर इतक्या भारावल्या की त्यांनी दूरध्वनी करून ते संगीतकाराकडूनच पुन्हा पुन्हा ऐकले, असे सांगितले जाते. मदनमोहन स्वतः उत्तम गात. १९४८ च्या 'शहीद'साठी गुलाम हैदर यांनी त्यांच्याकडून व लता मंगेशकर यांच्याकडून बहीण-भावाचे एक द्वंद्वगीत गाऊन घेतले होते. ते चित्रपटात आले नाही. नाते मात्र खऱ्या आयुष्यात उतरले आणि राखीच्या धाग्याने टिकले.

सचिनदेव बर्मन व श्यामसुंदर यांच्याकडे उमेदवारी करून १९५० साली 'आँखें'पासून त्यांनी स्वतंत्र कारकीर्द सुरू केली. पहिल्या दहा-बारा वर्षांत 'देख कबीरा रोया', 'अदालत', 'अनपढ' अशी नावे झाली. जाणकारांची वाहवा मिळत होती, पण तिकीटबारीवरचे यश सारखे हुलकावणी देई. मोठ्या निर्मात्यांचे मोठे चित्रपट इतरांकडे जात आणि मदनमोहन यांच्या वाट्याला बहुधा मधल्या फळीतले येत. त्यांची अवीट गाणी पडेल चित्रपटांत अडकून पडली, ही खंत त्यांच्या चाहत्यांच्या बोलण्यात हमखास येते. ती खोटी नाही.

मग आले १९६४. एकाच वर्षात 'हकीकत', 'जहाँआरा', 'गझल', 'आप की परछाइयाँ' आणि राज खोसला दिग्दर्शित 'वह कौन थी?'. खोसला हे गुरुदत्त यांचे शिष्य. गायक होण्याच्या इच्छेने ते मुंबईत आले होते. त्यामुळे गाण्याची जागा कोठे आणि किती, हे त्यांना कानाने कळत असे. भुताची गोष्ट सांगताना त्यांनी एकाच गाण्याला भूत केले. 'नैना बरसे' चित्रपटात तुकड्यातुकड्याने पुन्हा पुन्हा येते. नायक डॉक्टर त्या आवाजामागे जातो आणि दर वेळी रिकाम्या हाताने परततो. कोठे किंकाळी नाही, ढोलांचा गडगडाट नाही. लांबवलेले स्वर, त्यांना वेढणारी तंतुवाद्ये आणि मध्येच सोडून दिलेली शांतता, एवढ्या सामग्रीवर हा डोलारा उभा आहे.

या गाण्याच्या चित्रीकरणाच्या वेळी लताबाई ध्वनिमुद्रणाला येऊ शकल्या नाहीत. तारखा ठरल्या होत्या आणि थांबणे परवडणारे नव्हते. अखेर मदनमोहन यांनी गाणे स्वतःच्या आवाजात मुद्रित करून दिले आणि साधनाने त्या पुरुषी आवाजावर ओठ हलवले. पडद्यावरील झपाटलेल्या स्त्रीच्या तोंडी चित्रीकरणस्थळी संगीतकाराचा आवाज होता, ही कल्पनाच मोठी विलक्षण आहे. याच चित्रपटातील 'लग जा गले'ची चाल खोसला यांनी प्रथम नापसंत केली होती. मनोजकुमार यांनी आग्रह धरून त्यांना ती पुन्हा ऐकायला लावली, तेव्हा कोठे ती स्वीकारली गेली.

त्या वर्षी 'फिल्मफेअर'साठी नामांकन मिळाले. पुरस्कार 'दोस्ती'साठी लक्ष्मीकांत-प्यारेलाल या तरुण जोडीला गेला. मदनमोहन यांना हा पुरस्कार हयातीत कधीच मिळाला नाही. 'दोस्ती'चे संगीत वाईट होते असे कोणी म्हणणार नाही, तरीही १९६४ च्या त्या निर्णयाबद्दल त्यांच्या चाहत्यांनी परीक्षकांना आजवर क्षमा केलेली नाही.

त्याच १९६४ साली मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' प्रदर्शित झाला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारलेला, डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका असलेला हा कृष्णधवल रहस्यपट राष्ट्रपतींच्या रौप्यपदकाचा मानकरी ठरला. वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरते. त्यानंतर पोलिसांनी पकडलेली एक स्त्री आपणच ती पत्नी असल्याचे कोर्टात सांगू लागते. संगीत दत्ता डावजेकर यांचे होते. ग. दि. माडगूळकर यांच्या शब्दांतील आणि आशा भोसले यांच्या आवाजातील 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे त्याचे शीर्षकगीत घराघरांत पोहोचले. राज खोसला यांनी यावरून १९६६ साली रंगीत 'मेरा साया' काढला, नायिकेच्या भूमिकेत साधना आणि नायक सुनील दत्त. मराठी कथांवर खोसला यांचे विशेष प्रेम असावे. पुढे चंद्रकांत काकोडकर यांच्या कथांवरून त्यांनी 'दो रास्ते' आणि 'मैं तुलसी तेरे आँगन की' हे चित्रपट केले.

मूळ चित्रपटाचे गाणे लोकांच्या ओठांवर असताना रिमेकसाठी चाल बांधणे ही संगीतकाराची परीक्षाच असते. राजा मेहदी अली खाँ यांनी शब्दांत मार्ग काढला. माडगूळकरांच्या कल्पनेत डोळ्यांची पाखरे होऊन ती प्रियकराभोवती फिरतात. हिंदीत त्यांची जागा सावलीने घेतली. मदनमोहन यांनी डावजेकरांच्या चालीला हातही लावला नाही. त्यांनी नंद रागाच्या छायेत लताबाईंकडून एक संथ, मायेने ओथंबलेले गाणे गाऊन घेतले. वादाची ठिणगी येथे पडली.

'पाठलाग' आधी पाहिलेल्या मराठी रसिकांचा एक पक्ष ठामपणे सांगतो, की खरी हुरहुर डावजेकरांच्या चालीत आहे. मोजकी वाद्ये, आशाबाईंच्या स्वरातील धार आणि त्या पाखरांच्या फिरण्यातला किंचित धाक यांमुळे ऐकणाऱ्याला कोणीतरी मागे असल्याचा भास होतो. हिंदीत वाद्यमेळ वाढला, रंग आले, उदयपूरचे तलाव आले आणि भय पातळ झाले. दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. त्यांच्या मते पाठलाग करणारा परका असू शकतो, सावली परकी नसते, आणि मदनमोहन यांनी नेमका हाच फरक सुरांत धरला. भीमपलासातील 'नैनों में बदरा छाए' आणि त्यातील उस्ताद रईस खाँ यांची सतार यांचा दाखला ते देतात. 'झुमका गिरा रे'चा उल्लेख मात्र या भांडणात दोन्ही बाजू टाळतात. ते गाणे आशाबाईंनी मदनमोहन यांच्याकडेच गायिले असल्याने त्याने दोघांचीही पंचाईत होते.

दोन्ही पक्षांचे थोडेथोडे खरे आहे. साठ वर्षांनंतर रहस्य फोडायला हरकत नसावी. तुरुंगातील ती स्त्री खोटी नसते. ती खरोखरच नायकाची पत्नी असते आणि मेलेली तिची जुळी बहीण. कथा हा निकाल शेवटपर्यंत लपवते. मदनमोहन यांची चाल तो आरंभीच सांगून टाकते, कारण एवढी निष्ठा खोट्या बाईच्या स्वरात येणे शक्य नाही. रहस्यपटाच्या शिस्तीत हा दोषच म्हणावा लागेल. पण प्रेक्षक अडीच तास त्या स्त्रीच्या बाजूने बसून राहतो, तोही याच दोषामुळे.

पाश्चात्त्य चित्रपटांत असा पेच निराळ्या रीतीने सोडवला गेला. बर्नार्ड हरमन यांनी १९६० च्या 'सायको'साठी केवळ तंतुवाद्यांवर रचलेले पार्श्वसंगीत १९९८ च्या रिमेकमध्ये जवळपास तसेच ठेवण्यात आले. 'केप फिअर'च्या १९९१ च्या रिमेकमध्येही हरमन यांचेच जुने संगीत नव्याने वाजवले गेले. आपल्याकडेही असे घडले, पण मदनमोहन यांच्या बाबतीत ते उलट दिशेने. 'वह कौन थी?'वरून १९६६ साली तमिळमध्ये 'यार नी?' निघाला. जयललिता नायिका होत्या. संगीतकार वेदा यांनी 'नैना बरसे'ची चाल तशीच उचलली आणि ती पी. सुशीला यांनी गायिली. मराठीकडून घेताना मदनमोहन यांनी एकही सूर उसना घेतला नाही, आणि त्यांचा सूर मात्र भाषेची वेस ओलांडून दक्षिणेत भुतासारखा फिरत राहिला.

या वादात सहसा विसरली जाणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. लता मंगेशकर यांचे हिंदीतील पहिले पार्श्वगायन १९४७ च्या 'आप की सेवा में'साठी झाले आणि त्याचे संगीतकार होते दत्ता डावजेकर. ज्या आवाजाच्या बळावर मदनमोहन यांनी मराठी चालीशी सामना केला, तो आवाज हिंदीच्या माइकपुढे प्रथम उभा केला डावजेकरांनीच.

मदनमोहन यांच्या वाद्यमेळाची घडी बसवण्यात सोनिक यांचा वाटा मोठा. लहानपणीच दृष्टी गेलेले हे गुणी कलावंत अनेक वर्षे त्यांचे सहायक होते आणि पुढे सोनिक-ओमी या जोडीने स्वतंत्र संगीतकार झाले. त्या काळच्या मुंबईतील प्रत्येक मोठ्या वाद्यवृंदाप्रमाणे येथेही नोटेशन वाचून वाजवणाऱ्या गोवेकर वादकांचा आधार होता. त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत.

राज खोसला यांनी साधनाबरोबरच्या तिसऱ्या रहस्यपटाला, १९६७ च्या 'अनिता'ला, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत घेतले. १९६९ च्या 'चिराग'ला मात्र ते मदनमोहन यांच्याकडे परतले. १९७० च्या 'दस्तक'ने मदनमोहन यांना राष्ट्रीय पुरस्कार दिला, 'हीर राँझा'ने लोकप्रियता दिली, 'हँसते जख्म' १९७३ चा. काळ बदलला होता. तालाला प्राधान्य आले होते आणि त्यांना काम कमी मिळू लागले होते. रईस खाँ यांच्याशी दुरावा झाला आणि त्यांच्या गाण्यांतील सतार मागे पडली. घरी मित्रांना स्वतः रांधून जेवू घालण्याची त्यांची हौस प्रसिद्ध होती. तशीच मद्याची सवयही, आणि तिने घात केला. यकृताच्या विकाराने १४ जुलै १९७५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते गेले. हरमन यांचे निधनही त्याच वर्षी डिसेंबरात झाले. 'मौसम' मदनमोहन यांच्या पश्चात प्रदर्शित झाला आणि 'लैला मजनू'चे उरलेले काम जयदेव यांनी पूर्ण केले.

त्यांच्या न वापरलेल्या चाली पुत्र संजीव कोहली यांनी जपून ठेवल्या होत्या. २००४ साली यश चोप्रा यांच्या 'वीर-झारा'साठी त्या बाहेर निघाल्या, नव्या वाद्यवृंदाने सजल्या आणि गाजल्या. तेव्हा पुन्हा तोच वाद नव्या रूपात रंगला. चाली त्यांच्या खऱ्या, पण मधले संगीत त्यांनी असे बांधले असते का, या प्रश्नावर रसिक हिरिरीने भांडले. त्या चाली गाण्यासाठी माइकपुढे उभ्या होत्या ७५ वर्षांच्या लता मंगेशकर. 'शहीद'साठी दोघांनी मिळून गायिलेल्या आणि चित्रपटात न आलेल्या त्या द्वंद्वगीताला तेव्हा सुमारे ५६ वर्षे झाली होती.