मणिभाई देसाई : गावठी गाईची पुढची पिढी बदलणारा गांधीवादी

जनावरांची जनुकं बदलणं म्हटलं की प्रयोगशाळा आठवते. महाराष्ट्रातल्या गाईंचा वंश मात्र त्याआधीच बदलू लागला होता, तोही शेतकऱ्याच्या गोठ्यात. त्या कामातलं मोठं नाव मणिभाई देसाई.

त्यांचा जन्म १९२० साली सुरत जिल्ह्यात झाला. १९४२ च्या चळवळीत ते उतरले, पुढे गांधीजींकडे गेले. १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि तो मणिभाईंच्या हाती सोपवला. आयुष्यभर तिथंच राहण्याचा शब्द त्यांनी पाळला.

आश्रमात त्यांनी गीर गाई जोपासल्या. पण आसपासच्या शेतकऱ्याकडे होती दिवसाला एक-दोन लिटर देणारी गावठी गाय. निवड करत तिची जात सुधारायची तर पिढ्या जातात. जर्सी किंवा होल्स्टीन वळूचा संकर केला, तर पहिल्याच कालवडीत निम्मी जनुकं बापाची येतात आणि दूध एकदम वाढतं. देशी गाय सांभाळणाऱ्या या गांधीवाद्यानं तोच मार्ग धरला. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था स्थापन केली.

रेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलं की वर्षानुवर्षं टिकतं. खरी अडचण वेळेची होती. गाईचा माज जेमतेम दिवसभर टिकतो. दवाखान्यापर्यंत चालवत नेईपर्यंत तो निघून जाई. म्हणून बाएफचा माणूसच गोठ्यात जाऊ लागला. दिसायला साधी गोष्ट, पण योजना तिच्यावरच उभी राहिली.

याची किंमतही होती. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच, त्यामुळे जू नीट बसत नाही. उन्हात तो लवकर दमतो. गाईला हिरवा चारा आणि भरपूर पाणी लागतं. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात तर हिशेबच वेगळा. तिथली डांगी दूध कमी देते, पण तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून ती मुसळधार पावसात तग धरते आणि तिचे बैल भातखाचरात चालतात. संकरात हा गुण पातळ झाला की परत मिळवणं अवघड.

गाय हे सगळ्याच दुखण्यांवरचं औषध नव्हतं. १९८२ मध्ये गुजरातमधल्या वांसद्यात बाएफनं आदिवासी कुटुंबांसाठी आंबा-काजूच्या वाड्या सुरू केल्या. पुढे त्या जव्हारलाही आल्या. त्याच वर्षी मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. उरुळी कांचनच्या केंद्रात आता देशी वळूंचं रेतही गोठवून ठेवलं जातं.