सागवानाच्या घराण्यातला वाफेचा माणूस

१८३४ साली माझगावातल्या एका बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लागले. मुंबईचे गव्हर्नरही ते पाहायला गेले. दिवे लावणारे होते पंचविशीतले पारशी गृहस्थ अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. तेव्हापासून हे घराणे गोदीत सागवानी जहाजे बांधत होते. त्यांनी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पण १८३० मध्ये मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' वाफेवर सुएझला जाऊन पोहोचली, आणि १८०८ साली जन्मलेल्या अर्देशीरांनी ओळखले की पुढचा काळ यंत्राचा आहे. १८३३ मध्ये त्यांनी साठ टनांची 'इंडस' बांधली. पुढे तिच्यावर वाफेचे इंजिन चढले. एवढ्यावर समाधान न मानता १८३९ मध्ये ते हे शास्त्र शिकायला इंग्लंडला गेले.

१८४१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत मुख्य इंजिनियर आणि यंत्रांचे तपासनीस नेमले. हे काम जोखमीचे. त्या काळी बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी उकळत. आत मिठाची पुटे चढली की पत्रा तापून कमजोर होई, आणि भर समुद्रात तो फाटला तर आगवाल्यांच्या जिवावर बेते. गलबत निघण्याजोगे आहे की नाही, हे तपासनिसाने बंदरातच ठरवायचे.

या नेमणुकीमुळे युरोपीय फोरमन आणि कारागीर एका हिंदी माणसाच्या हाताखाली आले. मुंबईतल्या इंग्रजी वर्तमानपत्राला ते रुचले नाही. अर्देशीरांनी उत्तर दिले ते कामाने. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही तब्बल ७७ वर्षांनी, १९१८ मध्ये!

१८४९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले. १८५१ मध्ये त्यांनी 'लवजी फॅमिली' ही आगबोट पाण्यात सोडली. तिच्या यंत्राचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. वाफेच्या बाबतीत मुंबईला विलायतेच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे सिंधमधल्या कोटरीला आगबोटींचे काम पाहिले, तेवढे सोडले तर उरलेले आयुष्य इंग्लंडमध्येच गेले. १८७७ मध्ये रिचमंडला त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

पूर्वजांचे जहाज आजही पाहता येते. तपासनिसाच्या कामाची मात्र खूण उरत नाही. बोट सुखरूप बंदराला लागली आणि आगवाला घरी परतला, की त्याचे काम झाले!