दूरध्वनीवरून सांगितलेले चित्र

१९२३ साली जर्मनीतील एका कारखान्यात तीन अमूर्त चित्रे तयार झाली. एरवी त्या कारखान्यातून एनॅमलच्या पाट्या बाहेर पडत. शुभ्र पृष्ठभागावर एक जाड काळा उभा पट्टा आणि त्याच्या सोबतीला लाल, पिवळ्या व काळ्या रंगांच्या लहान पट्ट्यांची मांडणी, एवढाच त्या चित्रांचा ऐवज. तिन्ही चित्रांतील रचना एकच. फरक फक्त आकारमानाचा. सर्वांत मोठे सुमारे ९५ सेंटिमीटर उंच, दुसरे त्याच्या निम्मे आणि तिसरे पाव. चित्रकाराचा हात यांपैकी एकावरही फिरला नव्हता. तरीही ही चित्रे लास्लो मोहोली-नॉज यांची म्हणूनच ओळखली जातात, आणि विसाव्या शतकातील कलेच्या इतिहासात ती ‘टेलिफोन चित्रे’ या नावाने प्रसिद्ध आहेत.

मोहोली-नॉज यांचा जन्म २० जुलै १८९५ रोजी दक्षिण हंगेरीतील बाचबोर्शोद या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव वाइस. वडिलांनी कुटुंब सोडल्यावर मामांनी आधार दिला. पुढे या मुलाने त्यांचे नॉज हे आडनाव घेतले आणि बालपण जेथे गेले त्या मोहोल गावाचे नाव त्याला जोडले. बुडापेस्टला कायद्याचे शिक्षण सुरू असतानाच पहिले महायुद्ध पेटले. तोफखान्यात असताना ते लष्कराच्या पोस्टकार्डांवर चित्रे काढीत. १९१७ मध्ये ते जखमी झाले. युद्ध संपले तेव्हा वकिलीचा विचार मागे पडला होता. व्हिएन्नामार्गे १९२० मध्ये ते बर्लिनला पोहोचले. तेथे त्यांची गाठ प्रागहून आलेल्या लुसिया शुल्झ यांच्याशी पडली आणि १९२१ मध्ये दोघांचा विवाह झाला. जर्मन भाषा मोहोली-नॉज यांना जेमतेमच येत होती. त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या त्या काळातील जर्मन लेखनाला आकार देण्याचे काम लुसिया यांचे. त्याचे श्रेय मात्र त्यांना फार उशिरा मिळाले.

१९२३ मध्ये वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस यांनी त्यांना वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत बोलावले. जोहान्स इटेन यांच्या जागी प्राथमिक वर्गाची आणि धातुकामाच्या कार्यशाळेची सूत्रे अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांच्या हाती आली. टेलिफोन चित्रे याच वर्षातील.

या चित्रांची कथा मोहोली-नॉज यांनी पुढे अनेक वर्षांनी लिहिली. त्यांच्या सांगण्यानुसार, कारखान्याचा रंगतक्ता त्यांच्या पुढ्यात होता आणि चित्राचा आराखडा त्यांनी आलेखकागदावर काढलेला होता. तारेच्या दुसऱ्या टोकाला कारखान्यातील पर्यवेक्षक तशाच चौकटीचा कागद घेऊन बसला होता. कोणता आकार कोणत्या चौकटीत सुरू होतो, कोठे संपतो आणि त्यात तक्त्यातील कोणता रंग भरायचा, हे ते सांगत गेले आणि तो उतरवून घेत गेला. टपालाने बुद्धिबळ खेळावे तसा हा प्रकार होता.

वरवर पाहता ही गंमत वाटते. पण तीत एक मूलगामी विचार होता. माणसाचा चेहरा फोनवरून सांगता येत नाही. नाक, डोळे, हनुवटी यांचे कितीही बारकाईने वर्णन केले, तरी दहा ऐकणारे दहा वेगळे चेहरे काढतील. सरळ रेषा, काटकोन आणि ठराविक रंग यांनीच बनलेले चित्र मात्र शब्दांत मावते. अट एकच, दोन्ही बाजूंना कागद तोच हवा आणि रंगतक्ताही तोच. ठिपक्यांची रांगोळी शेजारणीला तोंडी सांगता येते ती याच कारणाने. आधी ठिपक्यांची संख्या जुळते, मग रेघा आपोआप जागेवर पडतात. अशा चित्रात हरवतो तो कुंचल्याचा कंप, हाताची लकब. मोहोली-नॉज यांना नेमके तेच गाळायचे होते. कलावंताच्या हस्तस्पर्शाला चिकटलेले पावित्र्य त्यांना मान्य नव्हते. तीन आकार करून घेण्यामागे मोजमाप बदलले की रंगांचे नाते कसे बदलते हे पाहण्याचा हेतू होता. १९२४ मध्ये बर्लिनच्या ‘डेअर श्टुर्म’ या कलादालनात ही चित्रे मांडली गेली.

तथापि, खुद्द लुसिया यांची आठवण वेगळी आहे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणांनुसार, चित्रांची मागणी कारखान्यात प्रत्यक्ष जाऊन नोंदवली गेली होती. तयार पाट्या हाती आल्यावर हे काम फोनवरूनही झाले असते, असे उद्गार मोहोली-नॉज यांनी आनंदाच्या भरात काढले, आणि पुढे त्या शक्यतेचीच हकीकत झाली. अभ्यासकांचा कल लुसिया यांच्या बाजूने आहे, आणि तो रास्त वाटतो. मोहोली-नॉज यांनी स्वतः या घटनेचे साल १९२२ दिले आहे, तेही चित्रांच्या सालाशी जुळत नाही. मात्र फोन झाला असो वा नसो, चित्र कोणी बनवले या प्रश्नाची धार कमी होत नाही. आराखडा करणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. पत्र्यावर एनॅमल चढवून भट्टीत भाजणाऱ्या कारागिरांचे राहिले नाही.

१९२८ मध्ये ग्रोपियस यांच्यापाठोपाठ त्यांनीही बाउहाउस सोडले. लुसिया यांच्यापासून ते विभक्त झाले. नाझी राजवटीत जर्मनीत राहणे अशक्य झाल्यावर अ‍ॅमस्टरडॅम, लंडन असा प्रवास करीत १९३७ मध्ये ते शिकागोला पोहोचले. तेथे सुरू केलेले ‘न्यू बाउहाउस’ पैशाअभावी वर्षभरात बंद पडले. खचून न जाता त्यांनी १९३९ मध्ये नवी शाळा काढली. तीच पुढे ‘इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’ झाली. १९४५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. त्यानंतरच्या काही चित्रांना त्यांनी या रोगाच्या नावावरूनच ‘ल्यूक’ अशी नावे दिली, आणि ती मात्र स्वतःच्या हाताने रंगवली. २४ नोव्हेंबर १९४६ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

त्याच शिकागोत १९६९ मध्ये समकालीन कलेच्या संग्रहालयाने टेलिफोन चित्रांचे स्मरण ठेवून एक प्रदर्शन भरवले. कलावंतांनी फोनवरून सूचना द्यायच्या आणि संग्रहालयाने त्याप्रमाणे कलाकृती उभारायची, अशी योजना होती. छापील सूचीऐवजी त्या संभाषणांची ध्वनिमुद्रिका काढण्यात आली. मूळच्या तिघांपैकी मधले आणि लहान चित्र न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये आहे. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी ती मोहोली-नॉज यांच्या दुसऱ्या पत्नी सिबिल यांच्या स्मरणार्थ संग्रहालयाला भेट दिली.