शंभर दिवस सीलच्या मांसावर

१९७९ साली इंग्लंडमधील ६९ वर्षांच्या एका आहारशास्त्रज्ञाने स्वतःवरच एक प्रयोग केला. शंभर दिवस त्यांनी फक्त सीलचे मांस, मासे, खेकडे-शिंपले आणि पाणी यांवर काढले. ब्रेड नाही, भाजी नाही, फळ नाही, दूधही नाही. त्वचेला बारीकशी चीर दिल्यावर रक्त थांबायला किती वेळ लागतो, हे अधूनमधून मोजले जात होते. सुरुवातीला काही मिनिटांत थांबणारे रक्त पुढे पुढे पन्नास मिनिटे उलटली तरी थांबेना. नाकातून आपोआप रक्त येऊ लागले. तरीही शंभर दिवस पुरे होईपर्यंत त्यांनी हा आहार सोडला नाही.

या गृहस्थांचे नाव डॉ. ह्यू मॅक्डोनल्ड सिंक्लेअर. आज औषधांच्या दुकानात ओमेगा-३च्या कॅप्सूलच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यामागे ज्या थोड्या माणसांचा आयुष्यभराचा हट्ट आहे, त्यांत सिंक्लेअर यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचे बरोबर काय होते आणि चुकले कुठे, हे पाहिले की आपल्या ताटातल्या तेलाबद्दलही थोडी स्पष्टता येते.

सिंक्लेअर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९१० रोजी एडिंबरा येथे झाला. ऑक्सफर्ड आणि लंडन येथे शिकून ते डॉक्टर झाले आणि पुन्हा ऑक्सफर्डला आले. तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख रूडॉल्फ पीटर्स त्या काळात कबुतरांवर प्रयोग करत होते. ब-१ जीवनसत्त्व न मिळालेल्या कबुतरांची मान मागे वळून ताठ होई. ते जीवनसत्त्व दिले की पक्षी थोड्याच वेळात सावरत. आहारातला एक छोटासा घटक कमी पडला तर मेंदूचे रसायन बिघडते, हे या विभागात रोज डोळ्यांसमोर दिसत होते. सिंक्लेअर यांचे सुरुवातीचे काम रक्तातील ब-१ जीवनसत्त्व मोजण्याचेच होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग सुरू झाले. लोकांना पुरेसे पोषण मिळते का, हे तपासण्यासाठी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड पोषण पाहणी सुरू झाली आणि तिची धुरा सिंक्लेअर यांच्याकडे आली. युद्ध संपताना हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली होती. तेथे आणि नंतर जर्मनीतही त्यांनी आपली पथके नेली. हजारो लोकांचे रक्त, वजन, आहार यांच्या नोंदींचा ढीग जमला.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते मात्र १९४४ मधील कॅनडाच्या दौऱ्यात. देशाच्या अतिउत्तरेकडे राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या आहारात मासे आणि समुद्री प्राण्यांची चरबी भरपूर होती, भाजीपाला जवळजवळ नव्हता. पुस्तकी हिशेबाने या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला हवा होता, पण तसे काही सिंक्लेअर यांना दिसले नाही. चरबी किती खाल्ली यापेक्षा कोणती खाल्ली हे महत्त्वाचे असावे, असे त्यांना वाटू लागले.

या विचाराला आधार होता. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या आहारातून चरबी पूर्णपणे काढून टाकली होती. उंदरांच्या शेपटीला खवले धरले, वाढ खुंटली, मूत्रपिंडे बिघडली. चरबी म्हणजे नुसते इंधन, हा तोवरचा समज त्यामुळे मोडला. काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. म्हणून त्यांना अत्यावश्यक मेदाम्ले म्हणतात. ती दोन घराण्यांत मोडतात. ओमेगा-६ घराणे करडई, सूर्यफूल, मका यांच्या तेलात भरपूर असते. ओमेगा-३ घराणे जवस, अक्रोड, मोहरीचे तेल आणि मासे यांत मिळते.

१९५६ मध्ये सिंक्लेअर यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला एक लांबलचक पत्र लिहिले. आधुनिक अन्नप्रक्रियेत अत्यावश्यक मेदाम्लांचा नाश होतो, तेलाचे हायड्रोजनीकरण केल्याने उलट घातक मेदाम्ले तयार होतात आणि वाढत्या आजारांचे मूळ येथे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यावर ते थांबले असते तर बरे झाले असते. पण हृदयविकाराबरोबर फुफ्फुसाचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोगही त्यांनी याच खाती टाकला. त्यासाठी लागणारा पुरावा हाती नव्हता. पत्राचा सूरही तिखट होता. अनेक सहकाऱ्यांनी त्यांना गंभीरपणे घेणे सोडले.

त्यात त्यांचा एक मोठा दोष आड आला. सिंक्लेअर माहिती गोळा करत राहिले, पण ती लिहून प्रसिद्ध करण्याचे काम मागे पडत गेले. युद्धकाळातील पाहणीच्या नोंदींपैकी बहुतेक भाग त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालाच नाही. विज्ञानात न छापलेले निरीक्षण इतरांना तपासता येत नाही, म्हणून ते जवळजवळ नसल्यासारखेच असते. १९५८ मध्ये ऑक्सफर्डमधील त्यांचे मानवी पोषणाचे पद गेले आणि प्रयोगशाळाही हातातून सुटली. मॉडलिन कॉलेजमधील स्थान तेवढे राहिले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी सटन कोर्टनी या गावातील स्वतःच्या घरी पोषण संशोधनाची संस्था काढली, पण तिला पैसा आणि मान्यता दोन्ही कमीच मिळाले.

दरम्यान, वारे बदलत होते. डेन्मार्कचे हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग यांनी १९७० पासून ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांचे रक्त तपासले. त्यात माशांतून मिळणारी ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर आढळली. १९७६ मध्ये ६६ वर्षांचे सिंक्लेअर त्यांच्याबरोबर ग्रीनलंडला गेले. परतल्यावर त्यांनी ठरवले, की हा आहार आपणच घेऊन पाहायचा. शंभर दिवसांचा प्रयोग त्यातून झाला. समुद्री चरबीमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, हे त्यातून ठसठशीत दिसले. रक्तस्राव थांबत नसेल तर तेही संकटच, हेसुद्धा दिसले. प्रयोग एका माणसावरचा होता, त्यामुळे त्यावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नव्हता.

मेंदूचा धागा इतरांनी पुढे नेला. १९७२ मध्ये लंडनमध्ये मायकेल क्रॉफर्ड आणि अँड्र्यू सिंक्लेअर (ह्यू सिंक्लेअर यांच्याशी फक्त आडनावाचे साम्य) यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या मेंदूतील मेदाम्लांचा अभ्यास मांडला. डीएचए हे ओमेगा-३ घराण्यातील मेदाम्ल मेंदूच्या पेशींच्या आवरणात आणि डोळ्याच्या पडद्यात मोठ्या प्रमाणात असते. बाळाच्या मेंदूत ते गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून पहिल्या दोन वर्षांपर्यंत झपाट्याने साठते.

१९८२ मध्ये अमेरिकेतील राल्फ होल्मन यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. आतड्याचा मोठा भाग गमावल्यामुळे तिला शिरेतून पोषण द्यावे लागत होते आणि त्यात मेद म्हणून करडईच्या तेलाचे द्रावण होते. काही महिन्यांनी तिला बधिरपणा, अशक्तपणा आणि अंधुक दिसण्याचा त्रास सुरू झाला, चालता येईना. करडईच्या तेलात ओमेगा-६ भरपूर, पण ओमेगा-३ जवळजवळ नसते. सोयाबीन तेलाचे द्रावण सुरू केल्यावर लक्षणे नाहीशी झाली. मज्जासंस्थेला ओमेगा-३ लागते, हे एका आजारी मुलीमुळे स्पष्ट दिसले.

सिंक्लेअर २२ जून १९९० रोजी वारले. मागे ठेवलेल्या मालमत्तेतून १९९५ मध्ये रेडिंग विद्यापीठात त्यांच्या नावाचा मानवी पोषण विभाग उभा राहिला. हायड्रोजनीकरणाबद्दलचा त्यांचा इशाराही खरा ठरला. वनस्पती तुपासारख्या पदार्थांतील ट्रान्स फॅटचे प्रमाण भारतात जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. पण इन्युइटांचे हृदय निरोगी असते, या मूळ समजुतीबद्दलच नंतरच्या संशोधकांनी शंका घेतल्या. ओमेगा-३च्या कॅप्सूल घेतल्याने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते, असेही मोठ्या चाचण्यांत आढळलेले नाही.

म्हणून रोजच्या जेवणातून दोन्ही घराणी मिळतील एवढे पाहणे पुरेसे आहे. तेल एकच एक न वापरता आलटून-पालटून वापरावे. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली स्वस्तात डीएचए देतात. शाकाहारी घरात विदर्भ-मराठवाड्यातील जवसाची चटणी आणि अक्रोड उपयोगी पडतात. मात्र जवसातील ओमेगा-३चे डीएचएमध्ये रूपांतर शरीर थोडेच करते. त्यामुळे गर्भवतींनी आहाराबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी तर माशांच्या तेलाच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नयेत. पन्नास मिनिटे न थांबलेले सिंक्लेअर यांचे रक्त त्यांनी आठवावे.