खाशाबा जाधव : पदक मिळाले, विश्रांती मिळाली नाही

बालाघाटाच्या डोंगररांगांतील बीड जिल्ह्याने कुस्तीला अनेक मल्ल दिले. पाटोदा तालुक्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या यशानंतर आपला मुलगाही मल्ल व्हावा, असे स्वप्न पाहणाऱ्या पालकांनी एक जुने चरित्र अवश्य आठवावे. याच ५७ किलो गटात १९५२ मध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचे ते चरित्र आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील स्वतः पैलवान असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासूनच मुलाच्या अंगाला माती लागली. त्या काळच्या तालमीची शिस्त कठोर होती. पहाटे उठून हौदा खणायचा, जोर-बैठका मारायच्या, मग लढतीला उभे राहायचे, हा क्रम रोजचा. खाशाबा एका दमात हजार बैठका आणि दोन-तीनशे जोर मारीत, असे सांगितले जाते. मातीत घासून कान मोडणे, खांदा निखळणे, मान आणि गुडघा दुखावणे हे पैलवानाच्या पेशाचाच भाग मानले जाई. वाढत्या वयाच्या मुलाला किती श्रम झेपतील, याचा विचार वस्तादाच्या अनुभवावर सोडलेला असे.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्याने १९४८ मध्ये ते लंडन ऑलिंपिकला गेले. आयुष्य मातीत गेलेल्या या तरुणाला तेथे मॅटवर लढावे लागले. मातीत पाय रुततो आणि पकड जमते. मॅटवर सारा खेळ वेगाचा आणि तोलाचा. नियमही निराळे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

पुढच्या चार वर्षांत त्यांनी सराव वाढवला. हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. त्यानंतर जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ व दमछाक करणारी लढत झाली. ती ते हरले आणि लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभे करण्यात आले. दोन लढतींत किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो बजावून सांगण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा लढले व हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. परतल्यावर कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी करताना त्यांचा गुडघा जबर दुखावला आणि तिसऱ्या ऑलिंपिकचे दार बंद झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. तरीही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

आज तालमीत मॅट आली आहे, वैद्यकीय ज्ञान वाढले आहे. पण धोके सरलेले नाहीत. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, दुखापत लपवून लढणे, जत्रेतल्या इनामाच्या आशेने पाठोपाठ कुस्त्या करणे हे प्रकार कोवळ्या शरीराला आयुष्यभराचे दुखणे देऊन जातात. खाशाबांची मेहनत कुठेही कमी पडली नव्हती. हेलसिंकीत कमी पडला तो अर्धा तास आणि त्यांच्या वतीने तो मागणारा माणूस. बीडच्या तालमीत आज घाम गाळणाऱ्या पोरांच्या पाठीशी असा माणूस उभा असणे, हे खुराकाइतकेच आवश्यक आहे.