बेझंटबाईंचे दोन दावे

आपल्या मंडळाच्या सल्ला केंद्रात मी दर बुधवारी दुपारी बसते. मी वकील नव्हे, निवृत्त शिक्षिका. आलेल्या भगिनीचे म्हणणे ऐकून घ्यावे, कागद नीट लावून द्यावेत आणि तिला वकीलबाईंकडे पाठवावे, एवढेच माझे काम. गेल्या वर्षी एक तरुण बाई स्टँपपेपरवर लिहिलेला करार घेऊन आली. नवराबायकोने वेगळे राहावे, मुलगा वडिलांकडे व मुलगी आईकडे असावी, असे त्यात लिहिले होते. खाली दोघांच्या सह्या होत्या. आता सारे पक्के झाले, या समाधानात ती होती. तो कागद वाचताना मला अॅनी बेझंट आठवल्या. त्यांच्यापाशीही असाच एक कागद होता.

बेझंटबाई आपल्या परिचयाच्या आहेत त्या होमरूल चळवळीच्या पुढारी आणि १९१७ साली राष्ट्रसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष म्हणून. परंतु त्यांच्या आयुष्यात मुलांच्या ताब्याचे दोन दावे झाले, ही हकीकत पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. आज तीच सांगावी म्हणते.

बाईंचा जन्म लंडनचा, १ ऑक्टोबर १८४७ चा. पाचव्या वर्षी वडील वारले. विसाव्या वर्षी, १८६७ च्या डिसेंबरात, फ्रँक बेझंट नावाच्या पाद्र्याशी त्यांचे लग्न झाले. १८६९ मध्ये डिग्बी हा मुलगा व १८७० मध्ये मेबल ही मुलगी झाली. मेबल तान्ही असताना डांग्या खोकल्याने मरता मरता वाचली. निरपराध लेकराचे ते हाल पाहून बाईंच्या मनात देवाच्या दयाळूपणाविषयी प्रश्न उभे राहिले, आणि पुढे त्यांची श्रद्धाच ढळली. पाद्र्याच्या बायकोने चर्चमधील प्रसाद घेण्याचे नाकारावे, हे कसे चालावे? १८७३ साली त्यांना घर सोडावे लागले.

घटस्फोटाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. १८५७ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवला की पुरे असे, पण पत्नीला पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. म्हणून विभक्त राहण्याचा करार झाला. मुलगा वडिलांकडे आणि मुलगी आईकडे असे त्यात ठरले. त्या कागदाच्या भरवशावर बाई लेखणी चालवून लेकीला वाढवू लागल्या.

१८७७ साली त्यांनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्याबरोबर संततिनियमनावरील एक पुस्तिका छापली आणि दोघांवर खटला झाला. शिक्षा पुढे तांत्रिक कारणाने रद्द झाली, पण पतीला निमित्त मिळाले. मेबलचा ताबा मिळावा म्हणून त्याने १८७८ मध्ये अर्ज केला. बाईंनी आपली बाजू स्वतःच मांडली. आई लेकीला मायेने सांभाळते, याविषयी वाद नव्हता. तरीही नास्तिक आईच्या आणि अशा पुस्तिकेच्या सावलीत वाढणाऱ्या मुलीला सभ्य समाज जवळ करणार नाही, असे मानून न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांनी ताबा वडिलांना दिला. तापातून नुकती उठलेली सात वर्षांची मेबल ओरडत, धडपडत असताना तिला आईपासून ओढून नेण्यात आले.

त्यानंतर मुलांची भेटही होईना. तेव्हा बाईंनी काय केले असेल? ज्या दाव्याने पुढे आपल्या रखमाबाईंना छळले, तोच वैवाहिक हक्कांचा दावा लावण्याची नोटीस त्यांनी पतीला दिली, केवळ मुले दृष्टीस पडावीत म्हणून! परंतु विभक्ततेचा करार पतीच्या बचावाला पुरेसा ठरला, आणि त्यातले आईला ताबा देणारे कलम मात्र रद्द झाले. एकच कागद, पण न्याय दोन. १८७९ मध्ये अपीलही फेटाळले गेले. भेटीची परवानगी मिळाली, पण त्या भेटींनी मुलांच्या मनाची ओढाताण होते, हे पाहून बाईंनी त्या आपण होऊन सोडल्या. मुले मोठी झाल्यावर आपल्या पायांनी आईकडे परत आली.

कथा इथे संपती, तर बाईंविषयी केवळ सहानुभूती वाटली असती. १८९३ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या आणि पुढे १९०७ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. १९१० साली मद्रासजवळच्या अड्यार येथे नारायणय्या नावाच्या विधुर गृहस्थाने आपल्या कृष्णमूर्ती व नित्यानंद या मुलांचे पालकत्व त्यांना लिहून दिले. पुढे संस्थेतील एका सहकाऱ्याच्या सहवासावरून वडिलांचे मन धास्तावले. त्यांनी मुले परत मागितली, पण मुले तर शिक्षणासाठी विलायतेला गेली होती. १९१२ मध्ये दावा झाला आणि तो मद्रास उच्च न्यायालयात चालला. बाई पुन्हा स्वतः उभ्या राहिल्या, पण या खेपेस मूल मागणाऱ्या बापाच्या विरुद्ध!

१९१३ मध्ये त्या हरल्या. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. पालकत्व हा विश्वासाने सोपविलेला ठेवा आहे, वडिलांनी लिहून दिले म्हणून ते कायमचे हातचे जात नाही, परंतु ताबा बदलताना मुलांचे हित पाहिलेच पाहिजे, असा त्याचा आशय होता. आणि इतक्या साऱ्या वादात मुलांची इच्छा कोणी विचारलीच नव्हती, हेही कौन्सिलने दाखवून दिले.

मला अनेकदा वाटते, लेकीसाठी तळमळलेल्या या बाईंना नारायणय्यांची तळमळ दिसली नसेल काय? दिसलीही असेल. पण मूल आपल्याकडेच सुखात आहे याची खात्री पटली, की शहाण्या माणसालाही दुसऱ्याचे दुःख दिसेनासे होते. हा दोष केवळ बेझंटबाईंचा नव्हे.

आता आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलांच्या बाबतीत अज्ञानाचे हित सर्वांत वर ठेवले आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे, असे तो सांगतो. त्यात वडिलांचे नाव आधी आणि मग आईचे, परंतु वडील हयात असतानाही प्रसंगी आई पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. आईबापांनी आपसांत केलेला कागद न्यायालय पाहते, पण त्याने बांधले जात नाही. ताब्याचा हुकूमही परिस्थितीप्रमाणे बदलून मागता येतो.

हे सारे मी त्या तरुण बाईला समजावून सांगितले. कागद वकीलबाईंकडे न्यावा आणि तो न्यायालयापुढे ठेवल्याखेरीज निश्चिंत राहू नये, असे बजावले. शेवटी सहज विचारले, मुलांशी याविषयी कोणी बोलले आहे काय? ती गप्प झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा अकराचा. भावाबहिणीची ताटातूट करणाऱ्या त्या कागदाची त्यांना वार्ताही नव्हती. आणि खरे सांगायचे, तर इतक्या वर्षांत मीही हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता.

त्या बुधवारपासून केंद्राच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे. अर्जदार भगिनीच्या नावाखालीच आता मुलांची नावे, वये आणि त्यांचे म्हणणे आम्ही लिहून घेतो.